शेकडा वीस, पण कशावर?

(देवबाग इथं नववी-दहावीच्या मुलामुलींपुढं आणि त्यांच्या आईबापांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर. फळ्यावरची आकडेमोड बोलण्यात आली तशीच ठेवली आहे.)

 

मला भाषणाला बोलावलंय. पण भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकली. एप्रिलात ऐकता, डिसेंबरात ऐकता, निवडणूक आली की रोज ऐकता. आज मी एक गणित सोडवणार आहे. नफ्यातोट्याचं, शाब्दिक. मी गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो आणि मॅट्रिक पास आहे. या गणिताला तेवढं शिक्षण पुरतं.

फळ्यावर वाचा:

"मासे विकणाऱ्या एका बाईने मालवणच्या लिलावात ४० किलो बांगडा दर किलोस १३५ रुपये भावाने घेतला. बर्फ आणि टेम्पोभाडे मिळून ६०० रुपये खर्च आला. ४ किलो मासळी नासली. उरलेली मासळी तिने कुडाळच्या बाजारात २०० रुपये किलोने विकली. तर तिला शेकडा नफा किंवा तोटा किती झाला?"

आकडे माझे आहेत. हिशेब सोपा पडावा म्हणून घेतलेत. आजचा भाव काय ते काकींना ठाऊक, मला नको विचारू.

पहिली गोष्ट. शाब्दिक गणित दिसलं की पोरं समोरचे आकडे उचलतात आणि कशालाही कशानं गुणतात. तसं करायचं नाही. आधी दोनदा वाचायचं. मग तीन ओळी लिहायच्या: खरेदीला काय लागलं, विक्रीतून काय आलं, विचारलंय काय.

खरेदी. ४० गुणिले १३५ म्हणजे ५४००. त्यात बर्फ आणि टेम्पोचे ६०० मिळवा. एकूण ६०००. हे ६०० का मिळवायचे? तर माल गिऱ्हाइकापुढं मांडेपर्यंत जो जो खर्च येतो तो सगळा खरेदीत धरायचा, असा नियम आहे. हा नियम नीट पाठ करा. पुढं याच नियमावरनं आपल्याला भांडायचंय.

विक्री. इथं अर्धी पोरं फसतात. घेतली ४० किलो, पण विकली ३६ किलो. नासलेल्या चार किलोचे पैसे लिलावात मोजलेत, ते खर्चात आहेतच. पण त्यातून परत काही आलं नाही. ३६ गुणिले २०० म्हणजे ७२००.

७२०० वजा ६०००, नफा १२००. आता त्रैराशिक मांडा: ६००० वर नफा १२००, तर १०० वर किती? वीस. उत्तर, शेकडा २० नफा. परीक्षेत एवढंच लिहा, खाली दोन रेघा मारा आणि पुरे मार्क घ्या. पेपर तपासणाऱ्याशी वाद घालू नका. वाद घालायची जागा पेपराबाहेर आहे. तिथं आता आपण जाऊ.

पहिला सवाल. शेकडा वीस, पण कशावर?

आपण १२०० ला ६००० नं भागलं, म्हणजे खरेदीवर नफा काढला. त्याच १२०० ला ७२०० नं भागा. विक्रीवर काढला तर होतो शेकडा १६ पूर्णांक दोन तृतीयांश. पैसे तेच, बाई तीच, बांगडा तोच. फक्त खालचा आकडा बदलला आणि वीसाचे सोळा झाले. शाळेत खरेदीवर काढतात, म्हणून शाळेत भांडण नाही. बाजारात जो तो आपल्याला सोयीचा आकडा खाली घालतो आणि तोंडानं फक्त "शेकडा" म्हणतो. शेकडा हा शब्द अर्धा आहे. "कशावर" विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

देवबागात आता घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या झाल्यात. एका बाजूला दर्या, एका बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची ही चिंचोळी पट्टी. पर्यटकाला हेच पाहायचंय. ठीक. समजा खोली दिवसाला २००० रुपयांना गेली. वीज, पाणी, चादरी धुणं, चहा-नाश्ता, डागडुजी, कर्जाचा हप्ता मिळून घरमालकाला १६०० पडले. नफा ४००. गिऱ्हाईक आणून देणारा दलाल, मग तो रस्त्यावरचा असो की मोबाइलातला, म्हणतो, "मी फक्त शेकडा पंधरा घेतो." ऐकायला थोडं वाटतं. कशावर? विक्रीवर. २००० वर पंधरा टक्के म्हणजे ३००. तुमच्या नफ्यातले, चारशेतले तीनशे. म्हणजे नफ्याचे शेकडा पंच्याहत्तर. पंधरा म्हणाला आणि पंच्याहत्तर घेऊन गेला. खोटं एक अक्षर बोलला नाही. तुम्ही "कशावर" विचारलं नाही, एवढंच.

दुसरं. सावकार म्हणतो शेकडा दोन. बँक म्हणते शेकडा बारा. दोन लहान की बारा? सावकाराचे दोन रोजचे आहेत. बँकेचे बारा वर्षाचे आहेत. दोनाला ३६५ नं गुणा. वर्षाला शेकडा ७३०. हे सरळव्याजानं; चक्रवाढीच्या वाटेला मी जात नाही.

तिसरं आमच्या गोदीतलं. २०२० च्या टाळेबंदीनंतर एका कंत्राटदारानं आमची ५०० ची हजेरी वीस टक्के कापली. काही महिन्यांनी म्हणाला, "आता वीस टक्के वाढवली. फिटंफाट." माणसं खूश. पण बघा, कापले ते ५०० वर. राहिले ४००. वाढवले ते ४०० वर, म्हणजे ८०. झाले ४८०. वीस रुपये गेले कुठं? आम्ही साठ जण होतो, महिन्याला २६ हजेऱ्या. २० गुणिले २६ गुणिले ६०: महिन्याला ३१,२०० रुपये. एका शब्दाची कमाई. मी हा हिशेब खडूनं एका खोक्यावर लिहिला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक कामाला हात न लावता उभे राहिले. हजेरी पुन्हा ५०० झाली. मला मात्र अकरा दिवस काम दिलं नाही. आजपण वाटतं, सौदा वाईट नव्हता.

गोदीत आकडा म्हणजे गोण ओढायचा लोखंडी हूक. शाळेत आकडा म्हणजे अंक. गरिबाच्या पोराला दोन्ही धरता आले पाहिजेत.

आता वजनाची लबाडी. एक व्यापारी म्हणतो, "मी घेतल्या भावानं विकतो, एक पैसा नफा खात नाही." पण किलो म्हणून देतो ९०० ग्रॅम. १०० ग्रॅम वाचले, ते ९०० वर. शेकडा ११ पूर्णांक एक नवमांश नफा. आणि तोच घेताना गरिबाकडनं ११०० ग्रॅमला किलो म्हणत असेल तर? ११०० भागिले ९००. शेकडा २२ पूर्णांक दोन नवमांश. भाव पैशानं वाढला नाही, तरी बावीस टक्के. म्हणून पोरांनो, काट्याकडं बघताना अपूर्णांक डोक्यात पाहिजे.

इथवर झालं ते हिशेब बरोबर करण्याचं. आता खरा मुद्दा.

तो नियम आठवा: माल गिऱ्हाइकापुढं मांडेपर्यंतचा सगळा खर्च खरेदीत धरायचा. फळ्यावरच्या गणितात सगळा खर्च धरलाय का? बर्फ धरला. टेम्पो धरला. बाई कुठंय?

ती काकी पहाटे चारला उठली. बंदरावर गेली, लिलावात उभी राहिली, टोपल्या भरल्या, कुडाळात उतरवल्या. तिची सासू बरोबर. एक विकते, दुसरी कापून देते. संध्याकाळी टोपल्या धुऊन घरी. काकीला हे गणित दाखवलं तर ती मास्तराला विचारील, "मेल्या, माझो दिवस खंय धरलंस?"

धरू या. दोघींची हजेरी प्रत्येकी ५००. बाजारात बसायची पावती आणि पाणी मिळून १००. लिलावाच्या वेळी रोख लागते, म्हणून ५००० रुपये रोजच्या शेकडा दोननं उचललेले, त्याचे १००. बेरीज करा. ५०० आणि ५०० आणि १०० आणि १०० म्हणजे १२००. आपला नफा किती होता? १२००. वजाबाकी करा. शून्य.

शेकडा वीस नफा खंय गेलो? खंयच गेला नाही. तो नव्हताच. पुस्तकानं ज्याला नफा म्हटलं ती दोन बायांची मजुरी होती आणि सावकाराचं व्याज होतं. आता याच बाजारातला गादीवरचा दुकानदार बघा. मुनिमाचा पगार तो खर्चात लिहितो. गादीवर बसवलेल्या स्वतःच्या मुलाचा पगारपण खर्चात लिहितो. दुकानाचं भाडं, विजेचं बिल, कर्जाचं व्याज, सगळं वजा करून जे उरतं त्याला तो नफा म्हणतो. म्हणजे एकाच बाजारात नफा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. त्याचा नफा मजुरी वजा करून उरलेला. आपला नफा मजुरी न धरता दिसलेला. आणि वर आपल्यालाच म्हणणार, "शेकडा वीस सुटतात की तुम्हाला, आणखी काय पायजे?"

आता सगळ्यात महत्त्वाचं गणित. हे वहीत उतरवून घ्या.

मुंबईचं गिऱ्हाईक गाडी थांबवतं आणि म्हणतं, "मावशी, २०० काय, १८० घ्या. दहाच टक्के कमी करा." दहाच टक्के. समजा सगळी मासळी १८० नं गेली. ३६ गुणिले १८० म्हणजे ६४८०. हातचा खर्च: बांगड्याचे ५४००, बर्फ-टेम्पो ६००, व्याज १००, पावती-पाणी १००. एकूण ६२००. हा खर्च दहा टक्क्यांनी कमी होत नाही. बर्फवाला कमी करत नाही, सावकार तर नाहीच नाही. ६४८० वजा ६२००, राहिले २८०. दोघी बाया. प्रत्येकीला १४०.

पाचशेचे एकशेचाळीस. भाव उतरला शेकडा दहा आणि मजुरी उतरली शेकडा बहात्तर. कारण बाकीच्या सगळ्यांचा पैसा आधी बांधलेला आहे. हलतो फक्त हिचा. वरनं आलेली प्रत्येक घट घरंगळत येते आणि ज्याचा दिवस हिशेबात धरलेला नाही त्याच्या डोक्यावर बसते. भाजीवाली असो, चपला शिवणारा असो, झाडू-टोपल्या विणून विकणारा असो, की गोदीतला बदली कामगार. हे गणित सगळ्यांना लागू आहे. आकडे बदलून घ्या.

म्हणून काकींनो, २०० हा नफ्याचा भाव नाही. दोघींची हजेरी भरून हिशेब जेमतेम तोंडाला तोंड मिळतो, तो भाव. त्याच्या खाली आलात की स्वतःचा दिवस फुकट वाटताय. कधी नाइलाज असतो, बर्फ वितळत असतो, मला ठाऊक आहे. पण किती देऊन टाकतोय ते कळून द्या.

आमच्या हमालांचं पुस्तकात काय आहे ते सांगतो. नफ्यातोट्याच्या गणितात आम्ही एका शब्दात भेटतो: "वाहतूक, जकात व हमाली रु. ५०." संपलं. पन्नास रुपये कुणाच्या पाठीवरनं गेले, किती गोणी होत्या, विचारायचं नाही. जकात गेली. मुंबईची जकात २०१७ साली जीएसटी आल्यावर बंद झाली. हमाली अजून आहे. पण निदान आम्ही खर्चाच्या रकान्यात तरी आहोत. बाईचं काम तिथंपण नाही. आणि जी वस्तू खरेदी होते ती बनवली कुणी, हे तर गणितात कधीच नसतं. कुणीतरी सायकल घेतो, कुणीतरी घड्याळ विकतो. सायकल आभाळातनं पडली असावी.

कुणी म्हणेल, गणितात माणूस कशाला आणता? गणित म्हणजे शुद्ध शास्त्र. बरं. भास्कराचार्यांची लीलावती घ्या. ११५० सालची. मोठा गणिती, वादच नाही. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात त्याच्या घराण्याची नोंद आहे. त्या लीलावतीत व्यस्त त्रैराशिकाचं एक उदाहरण आहे. व्यस्त म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं. उदाहरण असं की सोळा वर्षांच्या बाईची किंमत ३२ येते, तर वीस वर्षांच्या बाईची किती? सोडवा. १६ गुणिले ३२ भागिले २०. उत्तर २५ पूर्णांक तीन पंचमांश. उत्तर बरोबर आहे, रीत बरोबर आहे. साडेआठशे वर्षं पंडित ते घोकत आले. बाई विकायची का, हा सवाल गणितात बसत नव्हता, कारण गणित घालणारा विकणाऱ्यांच्या बाजूला बसला होता. हिशेब चोख होता. मांडणीत माणूस बैलाच्या रांगेत उभा होता. म्हणून मी म्हणतो, उत्तर तपासायला शिकाच, पण गणित घातलं कुणी तेपण बघा.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली, त्याआधी मालवण रत्नागिरीतच) असंच एक मोठं गणित पिढ्यान्‌पिढ्या चाललं. खोतीचं. पीक शेतात उभं असताना खोताची माणसं येऊन अंदाज बांधायची. त्याला अभावणी म्हणत. ती जो आकडा बोलतील त्याचा वाटा कुळानं द्यायचा. अर्धा देणारा अर्धेल, तिसरा हिस्सा देणारा तिर्धेल. अपूर्णांक आमच्या आज्यापणज्यांना शाळेत जाऊन शिकायची गरज नव्हती, त्यांचं नावच अपूर्णांक होतं. पण अर्धा कशाचा? जे पिकलं त्याचा की खोतानं बोललं त्याचा? तोच सवाल, "कशावर". आकडा खोताचा, वही खोताची, वहीतलं मोडी वाचणाराही खोताचाच. कुळाचा तोटा त्या वहीत कधी दिसलाच नाही.

महारकीचं तर त्याहून वाईट. सांगावे पोचवा, मेलेलं ढोर ओढा, सरकारी माणसाचं ओझं वाहा. किती तास, काय भाव, कुठल्याच वहीत नाही. बदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुतं. वेळ न लिहिलेली मजुरी.

या वह्या उलट्या करायला ज्यानं हात घातला त्याच्या शाळेतला एक प्रसंग चरित्रकार धनंजय कीरांनी नोंदवलाय. एल्फिन्स्टन हायस्कूल, मुंबई. मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं. वर्गात एकच गोंधळ. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले होते. हा फळ्याजवळ गेला तर डबे बाटतील. पोरं धावली आणि तो पोचायच्या आत डबे बाजूला फेकले. उदाहरण कुणालाच दिसत नव्हतं. दिसत होते डबे.

त्या पोरानं १९०७ साली मॅट्रिक केलं. पुढं कोलंबिया, पुढं लंडन, आणि विषय कुठला घेतला? अर्थशास्त्र. हिशेबच. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध छापला. तेव्हा सगळे विद्वान म्हणत होते, जमिनीचे तुकडे फार लहान झालेत, ते जोडा, मोठे करा, की शेतकरी सुधारेल. बाबासाहेबांनी गणिताची मांडणीच तपासली. म्हणाले, जमीन किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवरनं ठरत नाही. तिच्यावर किती माणसं राबतात, अवजारं किती, भांडवल किती, या प्रमाणावरनं ठरतं. हात रिकामे बसले तरी त्यांना खावं लागतंच. म्हणजे जो आकडा बाकीच्यांनी सोडून दिला होता, माणसांचा आकडा, तो त्यांनी मांडणीत आणला. १९२३ साली त्यांचं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक आलं.

आणि ही विद्या पुस्तकात नाही ठेवली. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. १७ सप्टेंबर १९३७ ला खोती मोडायचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले आणि बाहेरचे हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. बिलं तेव्हा पास झाली नाहीत. पण खोती १९४९ च्या कायद्यानं गेली आणि महारांची वतनं १९५८ च्या कायद्यानं. त्याच्याही आधी महात्मा फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला; सारा, कर्ज, कोर्टकचेरी यांत शेतकरी कसा भरडतो ते मांडलं. फुले स्वतः ठेकेदारी करत होते. खरेदी काय आणि विक्री काय, त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आपल्या थोरांनी हिशेबाला हलकं मानलं नाही. "आमच्या डोक्यात गणित शिरत नाय" असं म्हणून वही मिटणाऱ्या पोरांनो, हे कुणाचं वाक्य तुमच्या तोंडात आलंय ते बघा. ते तुमचं नाही. ज्यांना फळ्यामागं डबे ठेवायचेत त्यांचं आहे.

आता कुणी म्हणेल, मजुरी आधी धरून वाटणी करायची हे बोलायला ठीक, जगात कुठं होतं? तुमच्या वाळूवर होत आलंय. रापण. जाळं दर्यात सोडायचं, दोन्ही बाजूंनी दोर ओढून किनाऱ्याला आणायचं. मासळीचे पैसे आले की वाटे पडतात. जाळ्याला वाटा, होडीला वाटा, आणि दोर ओढणाऱ्या माणसाला वाटा. रापण म्हणजे समतेचा स्वर्ग नाही. ज्याचं जाळं मोठं त्याचा वाटा मोठा. पण बघा, ओढणारा हात तिथं खर्चात ढकललेला नाही. तो वाटेकरी आहे. मासळी कमी तर सगळ्यांचं कमी, जास्त तर सगळ्यांचं जास्त. एकट्या ओढणाऱ्यावर शेकडा बहात्तर बसत नाही. ट्रॉलर आले, पर्ससीनवाले आले. मग किनाऱ्यावरचा मच्छीमार भांडला आणि २०१६ साली सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. तेही भांडण हिशेबाचंच होतं. एका जाळ्याचा नफा किती किनाऱ्यांच्या तोट्यातून येतो, हे मांडून दाखवायला लागलं.

म्हणजे नफा ही आभाळातनं आलेली गोष्ट नाही. मांडणी माणसं ठरवतात. आज जे ठरवतात त्यांना गणित येतं, आणि आपल्याला येत नाही यावर त्यांचा अर्धा धंदा चालतो.

तुमच्या शाळेत हे सगळं शिकवतात. सहावीत नफा-तोटा, आठवीत सूट आणि कमिशन. २०१८ ला आलेल्या दहावीच्या पुस्तकात अर्थनियोजन म्हणून प्रकरण आहे, त्यात जीएसटी आणि शेअर. ही प्रकरणं ऑप्शनला टाकू नका. भूमितीत मार्क जास्त मिळतात म्हणून टाकतात काही जण. भूमिती करा, पण हे आधी करा. शेअरचं गणित आपल्याला कशाला, असंही म्हणू नका. गोदी चालवणाऱ्या कंपनीचा ताळेबंद वाचता आला तर मागणीपत्रात काय लिहायचं ते कळतं.

आता घरचा अभ्यास. प्रत्येकानं आपल्या घरातला किंवा शेजारचा एक धंदा घ्या. मासळी, खोली, चहाची टपरी, शिलाई, काथ्या, काहीही. तीन रकाने आखा. पहिल्यात जे पैसे देऊन आणलं ते. दुसऱ्यात घरातल्या माणसांचे तास: आईचे, आजीचे, तुमचेपण. त्या तासांना गावात चालू असलेल्या मजुरीनं गुणा. तिसऱ्यात विक्री. तिसऱ्यातून पहिला वजा करा, आणि जे येईल ते वेगळं लिहा. शाळेचं उत्तर ते. मग त्यातून दुसरा वजा करा. जे उरेल ते आईला वाचून दाखवा. उणे आलं तर उणेच दाखवा, लपवू नका. शेवटी भाव दहा टक्क्यांनी उतरला तर दुसऱ्या रकान्याचं काय होतं, तेही काढा.

पुढल्या महिन्यात या वह्या इथं एकत्र ठेवू. पंचवीस घरांचे हिशेब शेजारी शेजारी आले की कळेल, बर्फाला कोण किती मोजतं, व्याज कोण किती देतं, दलाल कुणाकडनं पंधरा घेतो आणि कुणाकडनं वीस. एकटीनं भाव मागितला तर गिऱ्हाईक पुढल्या टोपलीकडं जातं. पंचवीस जणींनी एकच खालचा भाव ठरवला तर गिऱ्हाईक कुठं जाईल? ते ठरवायला आधी आकडा पाहिजे, आणि तो दुसऱ्या कुणी आणून द्यायचा नाही.

खडू इथं ठेवतोय. पहिलं कोण येतंय फळ्याकडं?